मराठी चित्रपटाचं सरकारी अनुदान: पात्रतेची तयारी मुहूर्ताआधीच

"अनुदान किती बसतंय?" हा प्रश्न कोल्हापुरात सहसा एडिटिंग टेबलावर निघतो. शूटिंग उरकलेलं असतं, पैसे संपलेले असतात, डीआय (चित्रपटाच्या रंगांचं शेवटचं संस्करण) आणि साउंडचं बिल थकलेलं असतं आणि मग कुणाला तरी आठवतं की सरकारकडं अर्ज टाकता येतो. तोवर पात्रतेचे निम्मे निकाल लागून गेलेले असतात. निर्माता म्हणून कुणाचं नाव लागलं, कथा लेखी घेतली का, पैसे कोणत्या खात्यातून गेले, म्हशीच्या सीनआधी परवानगी काढली का, या गोष्टी मागाहून दुरुस्त होत नाहीत.

अनुदानाच्या अर्जाला दोन चाळण्या लागतात. आधी कागदांची छाननी होते, मग परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते. समितीत कोण आहे, कुणाचा चित्रपट कसा काय बसला, यावर मिरजकर तिकटीच्या चहाच्या टपरीवर तासन् तास बोललं जातं. छाननीवर कुणी बोलत नाही, कारण त्यात गंमत नाही. हा लेख त्या बिनगमतीच्या भागाचा आहे. चित्रपट चांगला कसा करायचा ते तुमचं तुम्ही बघा.

आधी शासन निर्णय वाचा, तोही स्वतः

महाराष्ट्रात दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसहाय्य देण्याची योजना सांस्कृतिक कार्य विभागाची आहे आणि ती चालवतं महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ. महामंडळाचं कार्यालय गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत आहे. कोल्हापुरातल्या आपल्या मोरेवाडीच्या चित्रनगरीचा कारभारही त्याच महामंडळाकडं, त्यामुळं "मोरेवाडीत शूटिंग केलं की अनुदान पक्कं" असा एक समज इथं फिरतो. स्टुडिओचं भाडं आणि अनुदानाचा अर्ज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिथं शूटिंग करा, सोयीचं आहे म्हणून करा.

चित्रपटाला गुणांवरून अ किंवा ब दर्जा मिळतो. अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख हे आकडे बरीच वर्षं चालत आलेले आहेत. पण आकडा असो वा अट, शेवटचा शब्द असतो तो शासन निर्णयाचा, म्हणजे जीआरचा. शासनाच्या संकेतस्थळावर विभागाचं नाव निवडून तो शोधता येतो. प्रत्येक जीआरला स्वतःचा संगणक सांकेतांक असतो. तो वहीत लिहून ठेवा आणि पत्रव्यवहारात वापरा. मूळ निर्णयानंतर निघालेली शुद्धिपत्रकं आणि सुधारणाही काढा, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारा जीआर बऱ्याचदा दोन सुधारणांपूर्वीचा असतो.

वाचताना हातात पेन घ्या आणि चार गोष्टींखाली रेघ ओढा. अर्जदार कोण असू शकतो? मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात, सेन्सॉर प्रमाणपत्राच्या की प्रदर्शनाच्या? कोणता चित्रपट चालत नाही, डब केलेला, रिमेक, आधी दुसरीकडून मदत घेतलेला? आणि पैसे कोणत्या टप्प्याला, कोणत्या अटीवर सुटतात? "राहील", "करू शकेल" आणि "बंधनकारक राहील" ही तीन क्रियापदं वेगवेगळ्या वजनाची आहेत. सरकारी मराठीला कितीही हसा, पण तिथं एकेक शब्द मोजून टाकलेला असतो.

निर्माता नेमका कोण?

सर्वांत जास्त अर्ज कुठं अडकत असतील तर इथं. पोस्टरवर "निर्मिती" म्हणून तीन नावं, बँक खातं चौथ्याचं, सेन्सॉर प्रमाणपत्र पाचव्या बॅनरचं आणि कलाकारांचे करार दिग्दर्शकाच्या सहीनं. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की पैसे कुणी घातले. छाननी करणाऱ्या कारकुनाला ते ठाऊक नसतं आणि असायची गरजही नाही.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा भागीदार पाच होते. चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम केलेले: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, व्यवसायानं सराफ. कला कुणाची आणि भांडवल कुणाचं, याचा हिशेब तेव्हाच्या लोकांनाही पहिल्याच दिवशी मांडावा लागला. आज आपण मित्रमंडळात "बघू नंतर" म्हणतो आणि नंतर बघायला वकील लागतो.

म्हणून मुहूर्ताआधी एक संस्था ठरवा. एकट्याची मालकी, भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा खासगी कंपनी, काहीही चालेल, पण एकच. तिचं पॅन, तिचं चालू खातं, लागू असेल तर जीएसटी नोंदणी. पैसे घालणारे बाकीचे जण गुंतवणूकदार आहेत की सहनिर्माते, नफा-तोट्यात त्यांचा वाटा किती, अनुदान आलं तर ते कुणाच्या खात्यात जाणार आणि त्यातलं कुणाला किती, हे सगळं स्टॅम्प पेपरवर. सासऱ्यांनी पैसे दिले असतील तर त्यांच्याबरोबरही. विशेषतः त्यांच्याबरोबर.

अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं, म्हणजे व्यवसायातल्या लोकांच्या संघटनेचं, मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. शीर्षकाची नोंदणी तिथं करा, आणि ती त्याच बॅनरच्या नावानं करा. एक लक्षात असू द्या: ही नोंदणी म्हणजे व्यवसायातल्या माणसांनी आपसात पाळायची शिस्त आहे. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. शीर्षक मध्येच बदललं तर जुन्या-नव्या नावाचा दुवा दाखवणारं पत्र फाइलला हवं, नाहीतर करार एका चित्रपटाचे आणि प्रमाणपत्र दुसऱ्याचं, असं चित्र दिसतं.

कथेचा हक्क: तोंडी शब्दाला इथं किंमत नाही

"लेखक आपलाच माणूस आहे" हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसेल तर, तो संपतो. आपल्याकडं कथा घेऊन तीन वर्षं फायनान्सर शोधण्यात जातात. त्या तीन वर्षांत हक्क कागदावर उरलाय का, हे कुणी बघत नाही.

साहित्यकृतीवर चित्रपट करणार असाल तर गणित आणखी वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं हक्क वारसांकडं राहतो. कोल्हापूरकरांना जवळचं उदाहरण वि. स. खांडेकरांचं. त्यांचं निधन १९७६ चं, म्हणजे त्यांच्या हयातीत छापून आलेल्या साहित्यावरचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत आहे. एका वारसाची सही पुरत नाही, सगळ्यांची लागते. प्रकाशकाकडं चित्रपटाचे हक्क असतीलच असं नाही, मूळ करार मागून बघा.

गाण्यांचं तेच. पारंपरिक ओवी, पोवाडा किंवा भारूड सगळ्यांचं असतं, पण शाहिरानं त्याला स्वतःची चाल लावून ध्वनिमुद्रित केलेलं असेल तर ते ध्वनिमुद्रण सगळ्यांचं नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनही काढून घेता येत नाही. जुन्या करारांचे नमुने झेरॉक्स करून वापरणाऱ्यांनी हे कलम आधी तपासावं.

चित्रपट मराठीच आहे, हे दाखवता आलं पाहिजे

वाचायला विनोदी वाटेल, पण सीमाभागात हा खरा प्रश्न आहे. निपाणी, बेळगावच्या कथेत निम्मे संवाद कन्नड येऊ शकतात. गडहिंग्लज-चंदगडची बोली अशी की पुण्याच्या माणसाला सबटायटल लागावीत. बोलीची चिंता करू नका, ती मराठीच आहे. चिंता द्वैभाषिक शूटिंगची करा. एकाच वेळी मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढणार असाल तर दोन्हींची सेन्सॉर प्रमाणपत्रं वेगळी निघतात, आणि मराठी आवृत्ती हिंदीवरून डब केलेली नाही हे सिद्ध करायची वेळ येऊ शकते. मराठी संवादांची तारीख असलेली संहिता, मराठी टेकची नोंद असलेली कंटिन्युइटी शीट (सेटवर शॉटगणिक लिहिलेली नोंद) आणि सेटवरचा मूळ ध्वनी जपून ठेवा. हार्डडिस्कच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.

पैशाची वाट

इथं जरा थांबतो, कारण कोल्हापूरच्या निर्मितीची खरी दुखरी नस ही आहे. आपला धंदा रोखीवर चालतो. गूळ, चप्पल, फाउंड्री, दूध यांतून आलेला माणूस चित्रपटात पैसा घालतो, आणि त्याला संध्याकाळी सेटवर पाकीट वाटायची सवय असते. प्रामाणिक माणूस असतो, कुणाचा रुपया बुडवत नाही. पण अर्जाबरोबर सीएनं प्रमाणित केलेला खर्च द्यायची वेळ येते तेव्हा पाकिटांची बेरीज होत नाही.

आयकराच्या नियमांत एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च धंद्याचा म्हणून मान्य होत नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घेताच येत नाही, मग देणारा मावसभाऊ का असेना. कॅमेरामन, संकलक, कलाकार यांच्या मानधनातून टीडीएस कापून भरायचा. एका वर्षात ज्यांना ज्यांना ५०,००० रुपयांहून जास्त दिले त्यांची यादी निर्मात्यानं आयकर खात्याला द्यायची असते. व्यवसायात हा नमुना '५२-अ' म्हणून ओळखला जातो, आणि पहिल्यांदा चित्रपट काढणाऱ्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. चित्रपटांचे हिशेब केलेला सीए मिळाला तर उत्तम. सहकारी संस्थांची ऑडिट करणारे सीए हुशार असतात, पण डीसीपी (थिएटरला पाठवायची डिजिटल प्रत) म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात तुमचा एक आठवडा जाईल.

फुकट मिळालेल्या गोष्टींचाही कागद करा. पाटलांचा वाडा पंधरा दिवस बिनभाड्याचा मिळाला, गावानं युनिटला जेवण घातलं, तालमीतल्या पोरांनी गर्दीचे सीन हौसेनं केले. हा आपल्या भागाचा मोठेपणा आहे. पण ज्याचं बिल नाही तो खर्च दाखवता येत नाही, आणि मागाहून बनवलेलं बिल दाखवायचं धाडस करू नका. वाड्याच्या मालकाकडून "चित्रीकरणास विनामूल्य परवानगी दिली" असं दोन ओळींचं पत्र घेतलं की पुरे.

आता एक हिशेब मांडतो. समजा चित्रपटाचं बजेट एक कोटी वीस लाख, आणि तुम्ही त्यातले ४० लाख "अनुदानातून येतील" म्हणून बाहेरून शेकडा दोननं उचलले. महिन्याचं व्याज ८० हजार. चित्रपट पूर्ण व्हायला, सेन्सॉर व्हायला, समितीनं बघायला आणि पैसे सुटायला मिळून दीड वर्ष गेलं तर व्याजच १४ लाख ४० हजार. आणि ब दर्जा आला तर मुद्दलातलेच १० लाख कमी. अनुदान हे चित्रपट संपल्यावर येणारं, येईल न येईल असं उत्पन्न आहे. बजेटच्या जमेच्या बाजूला ते लिहूच नका. आलं तर पुढच्या चित्रपटाचं बी-भांडवल.

शूटिंगआधीच्या परवानग्या

प्राणी हा ग्रामीण चित्रपटाचा सगळ्यात मोठा सापळा. घोडा, म्हैस, बोकड, कोंबडा, काहीही पडद्यावर दिसणार असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढावी लागते आणि शूटिंगनंतर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसेल तर सेन्सॉरला तो सीन अडतो. सेन्सॉर नाही तर अनुदान नाही. बैलाचं प्रकरण आणखी नाजूक आहे. २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेनं खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचाही समावेश केला, पुढं शर्यतींसाठी वेगळा कायदा झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो २०२३ मध्ये ग्राह्य धरला. पण शर्यतीला परवानगी मिळाली म्हणजे चित्रीकरणाला मिळाली असं होत नाही. बैलगाडीचा सीन लिहिण्याआधी मंडळाकडून लेखी उत्तर घ्या. नाहीतर "जत्रेत सहज टिपलं" म्हणून घातलेला दोन मिनिटांचा तुकडा अख्ख्या चित्रपटाला अडवून बसतो.

चौदा वर्षांखालची मुलं काम करणार असतील तर २०१७ च्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावावर मुदत ठेवीत. ती पावती फाइलला लावा.

पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ही दोन्ही केंद्रीय संरक्षित स्मारकं. तिथं ग्रामपंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं पत्र पुरत नाही, पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी हवी. राधानगरी-दाजीपूरला वन खातं. रंकाळ्याला महापालिका. ड्रोनसाठी २०२१ चे नियम आणि सरकारी हवाई नकाशा बघा: उजळाईवाडीचा विमानतळ मोरेवाडीपासून फार लांब नाही, त्यामुळं शहराच्या त्या बाजूला "उडव रे" म्हणून ड्रोन उडवता येत नाही.

रोजचा कॉलशीट (कोण, कुठं, किती वाजता यायचं याचा कागद) आणि दिवसाच्या शेवटचा प्रोडक्शन रिपोर्ट लिहायची सवय लावा. काही राज्यांच्या योजना शूटिंगचे निम्मे किंवा दोन तृतीयांश दिवस त्यांच्याकडं झाले का, यावर चालतात. तिथं हा रिपोर्टच पुरावा असतो.

सेन्सॉर प्रमाणपत्र

अर्ज केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर. २०२४ च्या नियमांपासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) प्रमाणपत्रामध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदतही २०२३ च्या दुरुस्तीत गेली, आता ते कायमचं. हातात आलं की तिथल्या तिथं बॅनरचं नाव, शीर्षकाचं स्पेलिंग, भाषा आणि लांबी तपासा. एक अक्षर चुकलं तरी लगेच दुरुस्तीचा अर्ज करा.

प्रमाणपत्रानंतर चित्रपटात एक दृश्य जरी कापलं किंवा जोडलं तरी मंडळाला कळवून नोंद करून घ्यावी लागते. समितीला दाखवायची प्रत आणि प्रमाणित प्रत यांची लांबी जुळली पाहिजे. "थिएटरला चाललं नाही म्हणून दहा मिनिटं कमी केली" अशी आवृत्ती समितीपुढं नेऊ नका.

राष्ट्रीय पुरस्कार किंवा इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) डोळ्यासमोर असेल तर दृष्टिहीनांसाठी ध्वनिवर्णन आणि कर्णबधिरांसाठी कॅप्शन यांचा खर्च धरा. १ जानेवारी २०२५ पासून तिथं ते बंधनकारक आहेत.

फाइल लावणं आणि सादर करणं

वर सांगितलेलं केलं असेल तर ही पायरी दोन दिवसांची. जीआरच्या परिशिष्टात कागद ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं लावा. पानांना आकडे घाला, पुढं अनुक्रमणिका, झेरॉक्सवर स्वतःची सही. शपथपत्र नोटरीकडं करण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य वाचा, कारण त्यातलं खोटं ठरलेलं एक वाक्य वसुलीला निमंत्रण देतं. जमा केल्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय गोरेगावहून हलू नका. त्रुटीचं पत्र आलं तर फोनवर खुलासा करू नका. मुदतीत, लेखी, मुद्द्यागणिक उत्तर द्या.

बाकीचे दरवाजे

केंद्राचं राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ पदार्पणातल्या दिग्दर्शकांचे प्रादेशिक भाषांतले चित्रपट करत आलं आहे. तिथं पैसा आधी येतो, पण तिथली स्पर्धा देशभरची. गोव्यात इफ्फीच्या वेळी भरणारा, चित्रपटाला भागीदार आणि खरेदीदार शोधायचा फिल्म बाजार कोल्हापूरहून एसटीनं जाण्याइतका जवळ आहे, तरी आपल्याकडचे फार थोडे जण तिकडं फिरकतात.

परदेशी सहनिर्मितीचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी एवढं जाणून घ्यावं की तिकडची पात्रता आपल्या उलट चालते. ब्रिटनमध्ये चित्रपट सांस्कृतिक कसोटीत ३५ पैकी १८ गुण मिळवतो का, हे बजेट आणि संहितेवरून आधीच तपासून तात्पुरतं प्रमाणपत्र देतात आणि चित्रपट झाल्यावर अंतिम. युरोपच्या युरिमाज निधीत भारत सदस्य नाही, म्हणून थेट अर्ज करता येत नाही. मात्र जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी भारताचे सहनिर्मिती करार आहेत. त्यांतून मान्यता मिळाली तर तुमचा चित्रपट त्या देशातही "स्वदेशी" धरला जातो. मान्यता शूटिंगआधी घ्यायची असते, हे वेगळं सांगायला नको.

नाकारलं तर

कारण लेखी मागा. ते मिळालं नाही तर गोरेगावच्या महामंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मोघम विचारू नका. आपल्या अर्जाचा आवक क्रमांक घाला आणि तीनच गोष्टी मागा: छाननीची टिपणी, परीक्षणाच्या बैठकीचं इतिवृत्त आणि आपल्या चित्रपटाला मिळालेले गुण. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.